स्वाक्षरीसाठी सादर

आमच्या पुतण्याने परवा माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाला, "काका, माणसाने मरण्यापूर्वी वाचायलाच हव्यात अशा दहा कथा लिहून द्या. जुन्या. जगातल्या."

"दहाच का?"

"दहापर्यंत वाचीन."

मी खुलून गेलो. निवृत्त माणसाला कोणी काही विचारले की तो खुलतोच. एरवी घरात मला फक्त दोन प्रश्न विचारले जातात : नळ बंद केला का, आणि चष्मा कुठे ठेवला. त्यामुळे मी घसा खाकरून कथा म्हणजे काय, इथून सुरुवात करणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "चौतीस वर्षं ज्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' शिवाय दुसरं वाक्य लिहिलं नाही, त्यांना विचारतोयस होय?"

हा टोमणा होता हे मला कळले. पण त्यात समीक्षेचे केवढे मोठे सूत्र दडले आहे, हे आमच्या सौ.लाही ठाऊक नसावे. कारण पुढचे तीन दिवस कपाटातली पुस्तके खालीवर करून, शिंका देत, मी ज्या कथा निवडल्या त्या एकाखाली एक मांडल्यावर माझ्या लक्षात आले की यातला जवळजवळ प्रत्येक नायक कारकून आहे! राजे नाहीत, सरदार नाहीत, प्रेमासाठी कड्यावरून उडी घेणारा तर एकही नाही. सगळे आपले मस्टरवर सही करून टेबलाशी बसणारे. आणि ज्यांनी या कथा लिहिल्या तेही बरेचसे आमच्याच जातीचे. गोगोल तरुणपणी सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी कचेरीत किरकोळ नोकरीत होता. मोपासाँ आधी नौदल खात्यात आणि मग शिक्षण खात्यात कारकुनी करीत होता. ओ. हेन्री बँकेत होता. मात्र तिथल्या हिशेबात घोळ निघाला आणि १८९८ ते १९०१ अशी तीन वर्षे तो ओहायोच्या तुरुंगात गेला. (याच्याविषयी ऑफिसात असताना मी कधी बोललो नाही. उगाच कॅशियरला वाईट वाटायचे.)

मला तर वाटू लागले की कादंबरी ही साहेबांची आणि कथा ही कारकुनांची. कादंबरी लिहायला आणि जगायला ऐसपैस वेळ लागतो. कथा डबा खाण्याच्या सुटीत आटपते.

यादीत मी पहिल्यांदा हर्मन मेलव्हिलच्या 'बार्टल्बी'चे नाव घातले. १८५३ सालची अमेरिकन कथा. आमच्या हातात पडली ती फार उशिरा, नाहीतर मी ती टाइप करून नोटिसबोर्डावर लावली असती. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका वकिलाची कचेरी आहे. खिडकी उघडली की समोर भिंत. त्या कचेरीत दोन नकलनवीस आहेत. पहिला टर्की. हा दुपारी बारापर्यंत अत्यंत गुणी माणूस. पण बारा वाजून जेवण झाले की त्याचा चेहरा निखाऱ्यासारखा फुलतो आणि तो कागदांवर शाईचे डाग पाडायला लागतो. दुसरा निपर्स. याचे उलटे. याला सकाळी अपचन असते, म्हणून तो दुपारपर्यंत टेबलाशी भांडतो. टेबल उंच होते म्हणून खाली करतो, खाली झाले म्हणून पायाखाली लाकडाच्या चकत्या, पुठ्ठे, टीपकागदाच्या घड्या सरकवतो. दुपारनंतर मात्र हा सोन्यासारखा. वकील म्हणतो, बरे आहे, एकाची लहर चढते तेव्हा दुसऱ्याची उतरलेली असते. दोघांचे मिळून एका दिवसात एका माणसाइतके काम होते. मी ज्या कचेरीत होतो तिथे हे प्रमाण चारास एक असे होते, पण तत्त्व तेच.

तिथे हा बार्टल्बी येतो. फिकट, नीटनेटका, अबोल. सुरुवातीला रात्रंदिवस नकला करतो. मग एक दिवस साहेब त्याला नक्कल ताडून पाहायला बोलावतात आणि तो जागेवरून न हलता, अत्यंत सौम्य स्वरात, ते आपण न करणे पसंत करू असे सांगतो. लक्षात घ्या, तो नकार देत नाही. तो आपली पसंती कळवतो! चौतीस वर्षांत आम्ही संप केले, काळ्या फिती लावल्या, घोषणा देऊन घसे बसवले, पण हे एवढे साधे हत्यार आमच्या युनियनला सुचले नाही. नकार दिला तर मेमो देता येतो. पसंतीला मेमो कसा द्यायचा? वकील समजावतो, रागावतो, पैसे देऊ करतो. बार्टल्बी हळूहळू सगळेच काम करण्याचे सोडतो, राहतोही त्याच कचेरीत. शेवटी वकील काय करतो? कारकुनाला हलवता येत नाही म्हणून ऑफिस हलवतो!

इथपर्यंत मी खो खो हसत होतो. पण पुढे ते हसू घशात अडकते. जागेचा मालक बार्टल्बीला पोलिसात देतो, तुरुंगात तो जेवणेही पसंत करीत नाही, आणि एक दिवस भिंतीशी पाय पोटाशी घेऊन मेलेला सापडतो. तो आधी कुठे नोकरीला होता म्हणे? पत्त्यावर न पोचलेल्या, मालक नसलेल्या पत्रांच्या टपालखात्यात. मेलव्हिल एवढेच कानावर घालतो आणि निघून जातो. तो स्वतः पुढे १८६६ पासून एकोणीस वर्षे न्यूयॉर्कच्या जकात खात्यात निरीक्षक होता. पुस्तके खपेनात, मग काय करणार? कथा आधी लिहिली आणि नोकरी मागून केली, असा उलटा अनुभव त्याच्याच वाट्याला आला.

चेकॉव्हची 'कारकुनाचा मृत्यू' ही यादीत दुसरी. १८८३ सालची, चेकॉव्ह तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दोन-अडीच पानांचा मामला. चेर्व्याकॉव्ह नावाचा कारकून नाटकाला गेलेला असतो, त्याला शिंक येते, आणि ती पुढच्या रांगेतल्या एका जनरलच्या टकलावर पडते. जनरल दुसऱ्याच खात्याचा, म्हणतो, असू दे. संपायला हवे ना? पण कारकुनाला 'असू दे' हे कधी पुरत नाही. त्याला ते लेखी हवे असते. तो मध्यंतरात माफी मागतो, दुसऱ्या दिवशी केस कापून, नवा गणवेश घालून जनरलच्या कचेरीत जाऊन मागतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा जातो. शेवटी जनरल किंचाळतो. कारकून घरी येतो, गणवेशासकट कोचावर आडवा होतो आणि मरतो.

यात अतिशयोक्ती आहे असे म्हणणाऱ्याने नोकरी केलेली नसावी. सत्यनारायणाच्या पूजेत माझ्या हातून साहेबांच्या बुटावर पंचामृत सांडले होते, तेव्हा मी आठ दिवस त्यांच्या केबिनबाहेर उभा राहून क्षमेच्या संधीची वाट पाहिली. नवव्या दिवशी ते बाहेर आले आणि त्यांनी शिपायाला विचारले, "हे कोण?"

तरीही माझी या कथेबद्दल एक तक्रार आहे. तेवीस वर्षांच्या चेकॉव्हला तो कारकून दिसला, पण फार लांबून. त्याचा मृत्यू तो असा उरकतो, की विनोदाच्या शेवटी टाळी पडावी. हाच चेकॉव्ह तीनच वर्षांनी, १८८६ मध्ये, मुलगा गेलेल्या एका घोडागाडीवाल्याची कथा लिहितो. गाडीवान प्रत्येक गिऱ्हाइकाला आपले दुःख सांगू पाहतो, ऐकायला कोणालाच वेळ नसतो, मग रात्री तबेल्यात तो ते घोड्याला सांगतो. तीन वर्षांत हा माणूस कुठून कुठे गेला! (नायक कारकून नसतानाही ही कथा मी यादीत घेतली. नियमाला एक अपवाद साहेबांच्या अधिकारात करता येतो.)

मोपासाँची 'हार' ही कथा मी मुद्दाम सौ.ला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. मेथी निवडणारी बाई हा कथेचा सर्वांत कठोर टीकाकार असतो. ही १८८४ची कथा शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकांमुळे पुष्कळांना ठाऊक आहे : शिक्षण खात्यातल्या कारकुनाची देखणी बायको माथिल्द, खात्याच्या मंत्र्याकडचे नृत्याचे आमंत्रण, मैत्रिणीकडून मागून आणलेला हिऱ्यांचा हार, तो हरवणे, कर्ज काढून छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करणे, ते कर्ज फेडण्यात दहा वर्षे झिजणे. आणि शेवटी मैत्रीण सांगते की मूळ हार खोटा होता. फार तर पाचशे फ्रँकचा.

मी नाट्यपूर्ण रीतीने पुस्तक मिटले.

"मग पुढे?" सौ.ने विचारले.

"पुढे काही नाही. संपली."

"संपली कशी? तो छत्तीस हजारांचा खरा हार आता त्या मैत्रिणीकडे आहे ना? तो तिने परत द्यायला नको? विकून यांचे पैसे होतील की."

मी गप्प. इतकी वर्षे ही कथा मी 'विदारक शेवट' म्हणून मिरवत होतो आणि हिने एका वाक्यात त्या विदारकतेचा हिशेब मांडला. मोपासाँ जिथे थांबला तिथे तो थांबला नसता, तर पुढच्या पानावर त्या दोन मैत्रिणींना बसून बोलावे लागले असते, आणि धक्का ओसरला असता. धक्क्याच्या कथांची हीच अडचण. एकदा कळले की ती जादूगाराची टोपी. दुसऱ्यांदा आपण सशाकडे न पाहता अस्तराकडे पाहतो.

पण दुसऱ्यांदा वाचताना मला या कथेत दुसरेच काही सापडले. नवरा! या लुआझेलकडे कोणी पाहतच नाही. त्याने बंदूक घेण्यासाठी चारशे फ्रँक साठवले आहेत; रविवारी मित्रांबरोबर पॅरिसबाहेर नाँतेरच्या माळावर चंडोल मारायला जायचे आहे. बायकोला नृत्यासाठी पोशाख हवा असतो. किती लागतील? ती मनात हिशेब करून सांगते, चारशे. त्याचा चेहरा जरा उतरतो, आणि तो देऊन टाकतो. बायको रात्रभर नाचते, आणि हा मध्यरात्रीपासून एका आतल्या खोलीत, असल्याच आणखी तीन नवऱ्यांबरोबर, डुलक्या काढतो. हार हरवल्यावर रात्रभर हिंडून आलेला रस्ता पायी पालथा घालतो. बापाने ठेवलेले अठरा हजार काढतो, उरलेल्यासाठी सावकारांच्या कागदांवर सह्या करतो. आणि दिवसा कचेरी करून रात्री पाच सू पानाप्रमाणे दुसऱ्यांच्या नकला करीत बसतो. दहा वर्षे! एकदाही तोंडातून उणा शब्द नाही. कथेला नाव मात्र हाराचे.

हे मी सौ.ला सांगितले. ती थोडा वेळ मेथीच करीत राहिली. मग म्हणाली, "बंदूक घेतली का हो त्यानं मग? कर्ज फिटल्यावर?"

असा प्रश्न मी कोणा समीक्षकाच्या लेखात वाचलेला नाही.

उर्दूतल्या राजिंदरसिंग बेदींची 'गरम कोट' मला यासाठीच फार आवडते. बेदी लाहोरला टपाल खात्यात कारकून होते, म्हणजे माणूस घरचा. त्यांच्या कारकुनाचा गरम कोट विरलेला आहे, खिशात नोट एकच आणि घरच्यांच्या गरजा दहा. तो आपला कोट पुढे ढकलत राहतो, आणि शेवटी बायको बाजारात जाते ती स्वतःसाठी किंवा मुलांसाठी काही न घेता त्याच्या कोटाचे कापड घेऊन येते. एवढेच. धक्का नाही, कोणी मरत नाही. १९५५ साली त्यावर बलराज साहनींचा चित्रपटही निघाला. आमच्या चि. वि. जोशींचे चिमणरावही या मंडळींचे दूरचे चुलतभाऊ लागतात असे मला नेहमी वाटते. ते सेंट पीटर्सबर्गला असते तर चेकॉव्हने त्यांना मारले असते, आपल्याकडे गुंड्याभाऊ होते म्हणून वाचले.

आता राहिला या सर्वांचा बाप. गोगोलचा 'ओव्हरकोट', १८४२.

अकाकी अकाकीविच बाश्माच्किन. पगार वर्षाला चारशे रुबल. काम : नकला करणे. आणि हे काम त्याला आवडते हो! काही अक्षरे त्याची खास लाडकी आहेत. ती आली की तो गालांत हसतो. एकदा एका भल्या वरिष्ठाने त्याला जरा वरचे काम दिले : एका तयार मसुद्याचे शीर्षक बदलायचे आणि काही क्रियापदे प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यायची. अकाकीला घाम फुटला. त्याने कपाळ पुसले आणि नक्कल करायलाच काहीतरी मागितले. मी हे वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवून चहा मागवला.

त्याचा कोट इतका विरलेला की शिंपी पेत्रोविच ठिगळ लावायलाही तयार नाही. ठिगळ कशाला लावू, म्हणतो, खाली कापडच नाही. हा एकडोळ्या पेत्रोविच शुद्धीवर असला की दाम वाढवतो आणि प्यालेला असला की नमते घेतो, म्हणून अकाकी त्याला शनिवारच्या दारूनंतर रविवारी सकाळी गाठतो! नवा कोट ऐंशी रुबल. मग अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, तळ झिजू नयेत म्हणून रस्त्यात चवड्यांवर चालतो. आणि या उपासमारीतच त्याच्या आयुष्याला पहिल्यांदा अर्थ येतो. जणू त्याचे लग्न ठरले आहे आणि वधू म्हणजे तो कापूस घातलेला, मजबूत अस्तराचा कोट. हे वाचताना हसावे की काय करावे कळत नाही. गोगोल ते कळू देत नाही. कोट येतो, एक दिवस अंगावर राहतो, त्याच रात्री चोर तो ओढून नेतात. एक 'बडी असामी' दाद मागायला आलेल्या अकाकीवर खेकसते. (ही असामी बढती मिळण्यापूर्वी आठवडाभर आरशासमोर आवाज बसवत होती. आमच्याकडे असे तिघे होते.) अकाकी तापाने मरतो. पुढे त्याचे भूत लोकांचे कोट ओढत हिंडते, ते मी सोडून देतो. पण त्याआधीचे एक वाक्यभर वर्णन मला सोडवत नाही. तो मेला हे कचेरीत कळते ते त्याला पुरून चार दिवस झाल्यावर. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर नवा कारकून बसलेला असतो, बराच उंच, आणि त्याची अक्षरे तितकी सरळ नसतात, बरीच तिरकी असतात. बस्स.

कथेच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. कचेरीतली तरुण मंडळी अकाकीची टिंगल करतात, त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकून बर्फ पडले म्हणतात. तो सहन करतो. फारच झाले की तेवढे म्हणतो, मला सोडा ना, का छळता. एक नवा आलेला पोरगा त्या आवाजाने मध्येच थांबतो, आणि पुढे कित्येक वर्षे, चांगल्या आनंदात असताना, त्याला तो बुटका कारकून समोर दिसत राहतो.

मी तो पोरगा नव्हतो. मी कपटे टाकणाऱ्यांतला होतो.

आमच्या जावक टेबलावर एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही. आम्ही त्यांना 'जावकवाले'च म्हणायचो. अक्षर असे की पाकिटावरचा पत्ता पाहून पत्र फोडू नये वाटावे. एका दिवाळीच्या आधी आम्ही चौघांनी मिळून त्यांना एक मेमो पाठवला : आपले अक्षर सुवाच्य नसल्याच्या तक्रारी आहेत, सात दिवसांत खुलासा करावा. मजकूर एकाने रचला, एकाने टाइप केला. साहेबांची सही मी केली. ती मला उत्तम जमायची.

त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला. रात्री जागून लिहिला असावा. सोबत गेल्या सहा वर्षांच्या जावक रजिस्टरातल्या पानांच्या नकला जोडल्या होत्या, नमुन्यादाखल. तो साहेबांपुढे गेला. साहेबांना काही कळेना. त्यांनी वर 'पाहिले' असा शेरा मारून परत पाठवला. आम्ही आठवडाभर हसलो.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मी भाषण केले. 'हसतमुख' हा शब्द मी दोनदा वापरला. नंतर वेफर्सची बशी हातात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तो मेमो आठवतो का हो? त्यावरचा जावक क्रमांक माझ्या रजिस्टरात नव्हता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग खुलासा का दिलात?"

"सही साहेबांसारखी होती," ते म्हणाले. "धोका कशाला घ्या?"

आणि बशीतला शेवटचा वेफर त्यांनी मला दिला.

'ओव्हरकोट' त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या हाती पडला. आधी पडला असता तर मी सही केली नसती, असे म्हणायला मला फार आवडेल. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मी बहुधा मोठ्याने हसलो असतो. कोटाच्या लग्नापाशी, शिंप्यापाशी, आणि त्या कपट्यांपाशीसुद्धा. गोगोलने ती सोय ठेवली आहे. आपण कुठे हसलो ते तो टिपून ठेवतो आणि मग, दहा पानांनंतर, आपल्याला केबिनमध्ये बोलावतो.

हे सारे मी सौ.ला त्या दिवशी प्रथमच सांगितले. ती काही बोलली नाही. उठली, आतल्या ट्रंकेतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी ती वाण्याच्या यादीसाठी वापरते. त्यातले एक पाकीट काढून तिने माझ्यापुढे ठेवले. जावकवाल्यांच्या मुलीच्या लग्नाचे. आम्ही गेलो नव्हतो; काहीतरी कारण होते.

"हे मी फाडलं नाही," ती म्हणाली. "अक्षर चांगलं होतं म्हणून."

पुतण्याची यादी तशीच पडली होती. मी पेन उघडले आणि पहिल्या क्रमांकावर 'ओव्हरकोट' लिहिले. मग पाकिटावरचा आमचा पत्ता पुन्हा एकदा पाहिला. माझ्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ, जो माझी मुलेही चुकतात, तो बरोबर होता. पिनकोडसुद्धा घातला होता. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, त्यांचा स्वतःचा पत्ता होता.

"आहेत का हो ते अजून?" सौ.ने विचारले.

मी कपाटातून अंतर्देशीय शोधू लागलो.